भिंगाखालची बारव

सिद्धलिंगआप्पांच्या धाकट्या लेकीचं, बसम्माचं लग्न ज्या माघात झालं, ते साल फसली तेराशे एक्कावन्न. निजामाच्या राज्यात कागदोपत्री साल असंच लिहायचे. उंबरगव्हाणची माणसं मात्र पुढं कितीतरी वर्षं 'बसम्माच्या लग्नाचं साल' एवढंच म्हणायची. कारण त्या लग्नात पुरणपोळीपेक्षा जास्त तारीफ झाली ती पाण्याची. पालमहून वऱ्हाड आलं होतं. पंगत उठल्यावर व्याही वीरभद्रआप्पा वरून तांब्या धरून घटाघटा पाणी प्याले, मिशा पुसल्या अन् चारचौघांत म्हणाले, "सिद्धलिंगआप्पा, पोरगी तर दिलीच तुमी. पर ही बारव बी आंदण दिली असती तर लय बरं झालं असतं!"

आप्पांची छाती त्या दिवशी वीतभर फुगली, ती वर्षभर तशीच राहिली.

बारव त्यांच्या आज्ज्यानं, रेवणआप्पानं बांधलेली. काळ्या घडीव दगडाची, तीन बाजूंनी पायऱ्या, चौथ्या बाजूला उभी भिंत, अन् भिंतीतल्या देवळीत महादेवाची पिंड. दुष्काळ पडो की काही होवो, बारव आटली असं कुणी पाहिलं नव्हतं. बाया-माणसं पायऱ्या उतरून गुडघ्याइतक्या पाण्यात जायची, घागर बुडवायची, जाता जाता तोंड-पाय धुवायची अन् वर यायची. सगळ्यात वरच्या पायरीवर रोज सकाळी आप्पा काठी घेऊन बसायचे. पायताण घालून उतरणाऱ्याला काठी, बारवेत थुंकणाऱ्याला दोन काठ्या.

या गावाला एकच पीडा होती, नारूची. उन्हाळा लागला की घराघरांत कुणाच्या घोट्याला, कुणाच्या पोटरीला फोड यायचा. फोड फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा जंतू तोंड काढायचा. तो ओढून तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. म्हणून त्याला काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. ऐन पेरणीच्या तोंडाला निम्मा गाव पायाला काडी बांधून ओसरीवर पडलेला असायचा.

आप्पांच्या घरात मात्र कुणाला नारू ठाऊक नव्हता. त्यांच्या आज्ज्याला झाला नव्हता, बापाला झाला नव्हता, लेकरांना झाला नव्हता. म्हणून आप्पांचा हिशेब सरळ होता. पाणी एकच, बारव एकच. मग ज्याला नारू होतो त्यानं महादेवाचं काहीतरी वाकडं केलं असणार.

लिंबाजी नावाचा त्यांचा शेजारी होता, बोलायला तिखट. त्याला तीन उन्हाळे लागोपाठ नारू झाला. आप्पा पायरीवरून विचारायचे, "काय लिंबाजी, औंदा कुठं पाय घातला व्हता?"

"कुठं घालू आप्पा? गरिबाचा पाय. तुमच्याच बारवेत घातला की!"

आप्पा काठी उगारायचे अन् लिंबाजी लंगडत, हसत वर जायचा.

लग्नाच्या पुढच्या दिवाळीनंतर गावच्या मदरशात नवे मास्तर आले. मदरसा म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप, अन् मास्तर म्हणजे पाथरीचे व्यंकटराव. सरकारी कागदावर ते मुदर्रिस होते, पण पोरं मास्तरच म्हणायची. डाव्या पायानं ते जरा लंगडायचे. पहिल्याच दिवशी एका पोरानं मागून त्यांची चाल काढून दाखवली. मास्तरांनी वळून पाहिलं अन् म्हणाले, "बरोबर चालायलास. फक्त पाय अजून जरा बाहेर टाक." तेव्हापासून त्यांच्या चालीवर कुणी हसलं नाही.

या मास्तरांची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. पाढे झाले, अलिफ-बे झालं, की ते पाण्याची घागर मधोमध ठेवायचे. पेल्याच्या बुडाशी कोरडा कापूस कोंबायचा, पेला उपडा करून सरळ घागरीत बुडवायचा, वर काढला की कापूस कोरडाच! पोरांचे डोळे पांढरे. "कापूस का भिजला न्हाई? पेला रिकामा व्हता का? न्हाई. त्यात वारा बसला व्हता. वाऱ्यानं पाण्याला आत येऊ दिलं न्हाई." कधी उकळत्या पाण्यावर थाळी धरायचे अन् थाळीखाली जमलेले थेंब दाखवून ढग समजावायचे. मास्तर सांगायचे कमी अन् दाखवायचे जास्त. पोरांनी हात लावल्याशिवाय त्यांचा धडा पुरा होत नसे.

आप्पांची नात महानंदा त्या मदरशात जाणाऱ्या दोन पोरींपैकी एक. एका संध्याकाळी आप्पा जेवून बसले होते, तेवढ्यात ती काठोकाठ भरलेला पेला अन् वर पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आली. "आज्जा, हलू नगा. आता मी पेला उलटा धरणार अन् पाणी पडणार न्हाई."

"पडलं तर?"

"पडतच न्हाई. खालून वारा दाबून धरतो."

तिनं पेला आप्पांच्या मांडीवर उलटा धरला, हात काढला. क्षणभर खरंच पाणी थांबलं. मग पुठ्ठा सुटला अन् आप्पांचं धोतर चिंब झालं.

"वारा दमला वाटतं," आप्पा म्हणाले.

शांतम्मा, त्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसली. पण आप्पांनी दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच किस्सा सांगितला. भिजलेल्या धोतराचा नाही, क्षणभर थांबलेल्या पाण्याचा. "माझी नात हाय. पाणी उलटं टांगती!"

होळीच्या सुमाराला पालमच्या बाजारातून आलेल्या माणसानं बसम्माचा निरोप आणला. निरोप त्यानं खाली मान घालून सांगितला. वीरभद्रआप्पांच्या पायाला नारू झाला होता. जावयाला दोन झाले होते. वऱ्हाडात आलेले आणखीही काहीजण पडून होते. त्यांच्या वस्तीत आजवर नारू कुणाला ठाऊक नव्हता. अन् सासरे आता सगळ्यांदेखत सुनेला म्हणायचे, "आंदण मागितलं व्हतं, ते मिळालं." शेजारणी तिला नावानं हाक मारत नव्हत्या. 'नारूवाली' म्हणत होत्या. निरोप्यानं शेवटचं वाक्य चाचरत सांगितलं, "ती म्हनली, आप्पांना सांगा, मी पाणी आणायला तोंड लपवून जायलेय."

आप्पांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आज्ज्याच्या बारवेला नाव ठेवलं, ते एक. पण त्या नावानं लेकीला हाक मारायला लागले, ते काळजात रुतलं. "त्यांच्यातच कुणीतरी काही केलं असंल," ते पुटपुटले. 

दोन दिवसांनी महानंदा मदरशात निघताना म्हणाली, "आज्जा, आज मास्तर बारवेचं पाणी दाखवणार हायत. नारू कुठून येतो ते."

आप्पा उठले, काठी घेतली, अन् तिच्या पुढं चालायला लागले.

सभामंडपात पोरं गोल करून बसली होती. मधे उन्हात पांढऱ्या काचेची बाटली, तिच्यात बारवेचं पाणी. बाजूला काळं लोखंडी घमेलं. कडेला खांबाला टेकून लिंबाजी बसलेला, पायाला काडी बांधलेली.

"मास्तर," आप्पा दारातूनच गरजले, "माझ्या आज्ज्याच्या बारवेला बट्टा लावायला पाथरीहून आलात का?"

व्यंकटराव उठून उभे राहिले. "या आप्पा. बसा. तुमचीच वाट बघत व्हतो."

"मी बसायला आलो न्हाई."

"मग उभ्यानं बघा." मास्तरांनी बाटली उचलून उन्हात धरली अन् खिशातून मोठं भिंग काढलं. "मी काय सांगायच्या आधी तुमी बघा. दिसलं न्हाई तर मी आजच गाव सोडतो."

आप्पांनी काठी काखेत मारली अन् भिंग डोळ्याशी नेलं. आधी नुसतं ऊन दिसलं. मग पाण्यात खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसले. अन् मग त्यातला एक ठिपका टुणकन उडाला. दुसरा उडाला. सगळं पाणी जिवंत होतं.

आप्पांनी भिंग खाली केलं, पुसलं, परत लावलं.

"जीव हायत," ते म्हणाले. आवाज उतरला होता. "पर जीव तर सगळ्याच पाण्यात असतेत. ह्यानं नारू होतो म्हणता? मग आमच्या घरात का न्हाई? आमी काय गंगेचं पाणी पितो? सांगा!"

हा त्यांचा हुकमाचा एक्का होता. पोरं मास्तरांच्या तोंडाकडं बघायला लागली.  हे कोडं मास्तरांनाही सुटलेलं नव्हतं.

"आज्जा," महानंदा बसल्या जागेवरून म्हणाली, "आपल्या घरी अव्वा पाणी गाळती ना."

आजीला ती अव्वा म्हणायची. आप्पांच्या घरात लिंगपूजेचं पाणी दुहेरी मांजरपाटातून गाळायची रीत होती. अन् पूजेला एक पाणी, प्यायला दुसरं, असं शांतम्मानं कधी केलं नव्हतं. सासूनं तिला शिकवलं, तिनं लेकींना शिकवलं. त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मास्तरांचे डोळे लकाकले. "पळ महानंदा. फडकं घेऊन ये."

फडकं आलं, पण त्याच्यासोबत शांतम्माही आली. पूजेच्या पाण्याचं फडकं ती दुसऱ्याच्या हाती देणार नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं पेल्यावर घडी धरली अन् मास्तरांनी बाटलीतलं निम्मं पाणी ओतलं. गाळलेलं पाणी पोरांनी पाळीपाळीनं भिंगातून पाहिलं. एकही ठिपका दिसेना.

"काईच न्हाई!" एक पोरगं ओरडलं. "नुसतं पाणी!"

"आता अव्वा, हेच फडकं ह्या दुसऱ्या पेल्यात उलटं धुवा."

शांतम्मानं फडकं उलटं करून खळबळलं. त्या पेल्यात जत्रा भरली होती.

"एक इचारू?" मास्तर हळूच म्हणाले. "रोज गाळून झाल्यावर फडकं कुठं झटकता?"

"बारवेत," शांतम्मा ताठ मानेनं म्हणाली. "जिथलं जीव तिथं सोडायचं. जीव मारून पूजा करतेत का कुठं?"

पोरं फिसकन हसली. मास्तर हसले नाहीत. "तुमची दया खोटी न्हाई, अव्वा. ह्या जिवांचा बी तसा दोष न्हाई. दोष कुणाचा ते लिंबाजीभाऊ दाखवतील."

लिंबाजी लंगडत पुढं आला अन् घमेल्यात पाय ठेवून बसला. "बघा रे पोरांनो. तीन उन्हाळे मी हे जनावर पाळलंय, आज पहिल्यांदा कामाला यायलंय."

मास्तरांनी फोडावर गार पाण्याची धार धरली. पाणी काळ्या घमेल्यात साचलं, फोड बुडाला. थोडा वेळ काही झालं नाही. मग जंतूच्या तोंडातून दुधासारखा पांढरा ढग निघाला अन् पाण्यात पसरला.

पोरं घमेल्यावर वाकली.

"हे दूध न्हाई. ही नारूची पिल्लं. हजारोंनी," मास्तर म्हणाले. "नारू झालेला माणूस बारवेत उतरला, पायाला गार पाणी लागलं, की जंतू पिल्लं सोडतो. ती पिल्लं ह्या बारीक जिवांच्या पोटात जातेत. अन् ते जीव आपण घागरीतून घरी नेतो, पितो. वर्षानं तेच पिल्लू आपल्या पायातून तोंड काढतं. मला परभणीच्या शफाखान्यातल्या डॉक्टरानं हे असंच दाखवलं. पर त्याच्या आधीच माझा पाय वाकडा झाला व्हता."

घमेल्यातलं पाणी त्यांनी एका पोराला चुलीवर उकळायला दिलं.

आप्पा खांबाला धरून उभे होते. वर्षानं, हा एकच शब्द त्यांच्या कानात राहिला होता. माघात लग्न. कढया, रांजण, घागरी. गडीमाणसं बारवेतून पाणी उपसून थेट मांडवात ओतत होती. एवढ्या पंगतीचं पाणी गाळायला कुणाला फुरसत होती? घरच्यांसाठी स्वैपाकघरातला रांजण वेगळा होता. तो शांतम्मानं गाळून भरला होता. पाहुण्यांचा नाही.

पिढ्यानपिढ्यांचा पुरावा म्हणून जी गोष्ट ते छाती काढून सांगत होते, तीच आता त्यांच्यासमोर उलटी टांगलेली होती. अन् हे पाणी काही सुटून पडत नव्हतं.

लिंबाजी पाय पुसत होता. आप्पा त्याच्यापुढं गेले. आता काठी उगारतात की काय, असं पोरांना वाटलं.

"लिंबाजी," ते म्हणाले, "तू खरंच सांगायचास. मी चेष्टा समजलो."

"मी बी चेष्टाच करायचो, आप्पा," लिंबाजी म्हणाला. "मला तरी कुठं ठाव व्हतं!"

आप्पा पोरांकडं वळले अन् मोठ्यानं म्हणाले, "ऐका रे. माझ्या बसम्माच्या लग्नात पाहुण्यांचं पाणी गाळलं नव्हतं. पालमचा नारू माझ्या मांडवातून गेलाय. घरी जाऊन सांगा. मी सांगितलं म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पाण्याला आला तर तिन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास रचलेले. आप्पा अन् त्यांचा मुलगा लिंगराज घामानं निथळत होते. उभ्या भिंतीच्या माथ्यावर लाकडी घोडा उभा करून त्याला गडगडा बसवला होता अन् दोराला पोहरा बांधला होता.

बायांनी गिल्ला केला. धुरपताबाई सगळ्यांत पुढं. "आप्पा, तुमच्या आज्ज्यानं पायऱ्या बांधल्या अन् तुमी काटे घालायलात? रेवणआप्पा वरून बघायलेत!"

"बघू द्या. आज्ज्यानं बारव पाणी पाजायला बांधली. पाय बुचकळायला न्हाई बांधली."

"अन् दोर ओढून आमचे हात मोडले म्हंजी?"

"मोडलेले हात बरे की सुजलेले पाय? तुमच्या घरात औंदा किती पडलेत, धुरपताबाई?"

 धुरपताबाईंनी घागर खाली ठेवली अन् दोर हातात घेतला. पहिला पोहरा अर्धा सांडला. दुसरा भरून आला. शांतम्मा फडक्यांची चळत घेऊन बाजूला बसली होती. ज्याच्या घरात फडकं नव्हतं त्याला ती एकेक देत होती अन् बजावत होती, "गाळलं की हे चुलीपुढं वाळवायचं. बारवेत झटकायचं न्हाई." उभ्या जन्मात जे केलं त्याच्या उलट सांगताना तिला जड जात होतं, पण ती सांगत होती.

त्यानंतर आप्पांनी गाडी जुंपली. गाडीत महानंदा, बारवेच्या पाण्याची बाटली, मांजरपाट अन् मास्तरांचं भिंग.

पालमला वीरभद्रआप्पा ओसरीवर बाजेवर पडले होते, पोटरीला काडी. गाडी बघून म्हणाले, "या व्याही. आणखी काय आंदण आणलं?"

"मागच्या वेळी जे द्यायचं राहिलं, ते आणलंय," आप्पा म्हणाले अन् नातीला पुढं केलं.

महानंदा आधी बिचकली. ओसरीवर माणसं जमली होती, दाराआड बाया होत्या, त्यांत बसम्माआत्या होती. पण बाटली उन्हात धरल्यावर तिचा आवाज मास्तरांसारखा झाला. "मी काय सांगायच्या आधी तुमी बघा." वीरभद्रआप्पांनी बघितलं अन् शिव शिव म्हणाले. जावयानं बघितलं. मग तिनं गाळून दाखवलं, फडकं उलटं धुऊन दाखवलं, अन् पिल्लांचं सगळं बैजवार सांगितलं. मधे एकदाही अडखळली नाही. आप्पा ओट्याखाली उभे राहून ऐकत होते. बारवेची तारीफ झाली तेव्हा फुगली होती त्याहून त्यांची छाती आज मोठी झाली होती. बोलणं मात्र त्यांच्या बारवेच्या बदनामीचं चाललं होतं.

"म्हंजी मी आता आमच्या विहिरीत उतरायचं न्हाई?" वीरभद्रआप्पांनी विचारलं.

"अजिबात न्हाई. उतरलात तर पुढल्या साली तुमच्या पाव्हण्यांना आंदण जाईल."

ओसरी हसली. वीरभद्रआप्पांनाही हसू आवरलं नाही. "सिद्धलिंगआप्पा, ही पोरगी तुमची जीभ घेऊन आलीय!"

आप्पा मग वर आले अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "चूक माझ्या मांडवात झाली, व्याही. पाहुण्यांचं पाणी आमी गाळलं न्हाई. बसम्माचा यात काडीचा दोष न्हाई. ती परकर घालत व्हती तवापासून पाणी गाळायलीय. कुणाला नाव ठेवायचं तर मला ठेवा."

वीरभद्रआप्पांनी पायाच्या काडीकडं बघितलं. मग आत तोंड करून म्हणाले, "सूनबाई! पाणी आणा. तुमच्या हातचं, गाळून. अन् आजपासून ह्या घरातलं पाणी तुमीच बघायचं."

बसम्मा तांब्या घेऊन बाहेर आली. तोंड लपवलं नव्हतं. तिनं आधी सासऱ्याला पाणी दिलं, मग बापाला.

पुढच्या होळीला उंबरगव्हाणात थोडे पाय दुखलेच, कारण ते आधीच प्यालेलं पाणी होतं. मास्तरांनी तसं सांगूनच ठेवलं होतं, म्हणून कुणी दोराला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्या पुढच्या होळीला मात्र गावात एकाही पायाला काडी नव्हती. लिंबाजीनं त्या साली पेरणीला स्वतः तिफण धरली अन् धुऱ्यावरून आप्पांना हाक मारली, "आप्पा, औंदा कुठं बी पाय घातला न्हाई!"

व्यंकटरावांची बदली झाली. जाताना ते भिंग महानंदाला देऊन गेले. नवे मास्तर पाण्याचा धडा घ्यायचा झाला की तिला बोलावून घ्यायचे. आप्पा रोज वरच्या पायरीवरच बसायचे, पण आता पाठ बारवेकडं अन् तोंड रस्त्याकडं. आजूबाजूच्या गावांची माणसं गडगडा बघायला यायची. आप्पा त्यांना आज्ज्याचं नाव सांगायचे अन् त्याच दमात नातीचंही.

सिद्धलिंगआप्पा फसली तेराशे सत्तावन्न साली पोळ्याच्या दिवशी, बैल घरी आल्यावर, वारले. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन त्यानंतर आठवड्या-दीड आठवड्यानं झाली. शांतम्मा त्याच साली दिवाळीच्या आधी गेली.